गुरुवारी पाळणाघरात हात कशाने धुवायचे? महापालिका आयुक्त आणि आरोग्यप्रमुखांना खुले पत्र

मा. आयुक्त आणि मा. आरोग्यप्रमुख, पुणे महानगरपालिका, यांस,
तसेच ज्यांच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर चालतं, अशा शहरातल्या कंपन्यांच्या व्यवस्थापनांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की पाळणाघरांसाठी तीन ओळींची सूचना फिरते. दारात सॅनिटायझर ठेवा, परिसर स्वच्छ ठेवा, आजारी मुलांना घेऊ नका. आम्ही ती छापून दाराला लावतो. मग हात-पाय-तोंडाची साथ येते, जुलाब येतात, एखाद्या वर्षी घरोघरी डोळे येतात, आणि दोष पाळणाघराच्या अस्वच्छतेवर जातो. तीन ओळी पाळूनही साथ का थांबत नाही, हे आता जाहीरपणे सांगणं भाग आहे.

हे पत्र पुण्यातल्या पाळणाघरांत काम करणाऱ्या ताई आणि मावशी, ती चालवणाऱ्या संचालिका आणि त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या परिचारिका यांनी मिळून लिहिलं आहे. भरवणं, नाक पुसणं, शी-शू काढणं, झोपवणं हे आमचं दिवसभराचं काम. मुलाला झालेलं आम्हाला होतं, आम्हाला झालेलं मुलाला होतं आणि संध्याकाळी ते दोन्ही घरी पोचतं. पाळणाघर ही मुलांची जागा आहे हे सगळ्यांच्या लक्षात असतं. ते आमचं कामाचं ठिकाणही आहे, याची नोंद कुठल्याच सूचनेत नसते. आमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे.

सुरुवात सॅनिटायझरपासून करू. अल्कोहोलचा सॅनिटायझर फ्लू, करोना अशा विषाणूंवर चांगलं काम करतो, कारण त्यांच्याभोवती स्निग्ध आवरण असतं आणि अल्कोहोल ते फोडतं. पाळणाघरात सगळ्यात जास्त फिरणारे विषाणू त्या जातीचे नाहीत. हात-पाय-तोंडाच्या आजाराचे कॉक्सॅकी आणि एंटेरोव्हायरस, जुलाब-उलट्यांचे नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस, कावीळ अ चा विषाणू, यांना तसं आवरणच नसतं. त्यांच्यातल्या बहुतेकांवर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही. ते हातावरून जातात ते साबणाने चोळून आणि वाहत्या पाण्याने धुऊन. शिवाय हातावर भाताचं शीत, क्रीम किंवा शी लागलेली असेल तर कुठलाच सॅनिटायझर धड काम करत नाही. म्हणजे आम्हाला हवं आहे ते पाणी, आणि सांगितली जाते ती बाटली.

आता पाण्याचं बघू. वीस मुलं आणि चार ताई असलेलं मध्यम आकाराचं पाळणाघर धरा. प्रत्येक मूल दिवसातून पाच वेळा हात धुणार: आल्यावर, दोन खाण्यांच्या आधी, शौचानंतर आणि बाहेर खेळून आल्यावर. बारीक धारेखाली, साबण लावताना नळ बंद ठेवून, एका वेळेला अर्धा लिटर पाणी लागतं. हे झाले ५० लिटर. आठ मुलं डायपरची असली आणि प्रत्येकाचे दिवसात पाच डायपर बदलले तर ४० वेळा ताईचे आणि बाळाचे हात धुवायचे, प्रत्येक वेळी एक लिटर. भरवण्याआधीचे, नाक पुसल्यानंतरचे, स्वयंपाकाच्या आधीचे हात वेगळे. शंभर लिटर नुसत्या हातांना जातात. पिणं, भांडी, फरशी, खेळणी यात धरलेली नाहीत.

ज्या गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं, त्या दिवशी ज्या इमारतीची टाकी दुपारी संपते, तिथे हे शंभर लिटर कुठून आणायचे? बादलीत पाण्याचा मग बुडवून हात धुतले जातात. तोच मग पुढच्या मुलासाठी पुन्हा त्याच बादलीत जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या मुलानंतर बादलीतलं पाणीच दूषित झालेलं असतं. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल, असं आपल्याच निवेदनात छापलेलं असतं. नळ रिकामे झाले की जोडांमधल्या आणि फुटक्या जागांमधून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. त्यात ड्रेनेजही असू शकतं. म्हणून पाणी परत आल्यावरचे पहिले काही तास सगळ्यात धोक्याचे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलियन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि पाण्याचा प्रश्न सगळ्या शहरासमोर आला. पाळणाघरांना त्यानंतरही पाण्याबाबत वेगळी अशी सूचना मिळाली नाही.

पाणी साठवून ठेवा, असं सांगणं सोपं आहे. पण बुधवारी भरून ठेवलेलं उघडं पिंप म्हणजे डेंगीच्या डासाला दिलेलं आमंत्रण. एडिस दिवसा चावतो, आणि दिवसा मुलं आमच्याकडे असतात. पाणी ओतून दिलं तरी अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात. पुन्हा पाणी भरलं की ती फुटतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत डास उडतो. त्यासाठी घट्ट झाकणाचं, खाली तोटी असलेलं पिंप लागतं, आणि आठवड्यातून एकदा ते रिकामं करून आतल्या कडा ब्रशने घासाव्या लागतात. तोटीमुळे मग बुडवण्याचा प्रश्नही सुटतो. एवढी साधी वस्तू आहे, पण ती कुणी सांगितलेली नाही.

हातांनंतर डायपर. पाळणाघरातल्या निम्म्याहून अधिक संसर्गाचा हिशोब या एका जागी लागेल, असं आमचं कामातून बनलेलं मत आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बदलायला घेण्याआधी सगळं हाताशी काढून ठेवायचं: नवा डायपर, ओला कापूस किंवा वाइप्स, तोंड बांधता येईल अशी पिशवी, आणि क्रीम लागणार असेल तर ते आधीच कागदावर बोटभर काढलेलं. पुसलं न जाणारं कापडी दुपटं खाली नको. रेक्झिनची गादी हवी, आणि तिच्यावर टाकून देता येईल असा कागद. पुसायचं पुढून मागे, एका वाइपने एकदाच. घाण डायपर गुंडाळून थेट पिशवीत टाकायचा, ग्लोव्ह घातले असतील तर ते तिथेच काढायचे, आणि नव्या डायपरला हात लावण्याआधी स्वतःचे हात पुसायचे. मग बाळाचे हात साबणाने धुवायचे. हे सगळ्यात जास्त राहून जातं, आणि डायपर बदलताना बाळाचा हात खाली जातोच. बाळाला सुरक्षित जागी ठेवून गादी आधी साबणाच्या पाण्याने पुसायची, मग जंतुनाशक लावून ओली ठेवायची. सगळ्यात शेवटी ताईचे हात, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट.

बिघडतं कुठे? क्रीमची डबी घाणेरड्या हाताने उघडली जाते आणि त्याच बोटाने दुसऱ्या बाळाला क्रीम लागतं. आईने दिलेल्या बॅगेची चेन त्याच हाताने ओढली जाते. तेच ग्लोव्ह घालून एकापाठोपाठ तीन बाळांचे डायपर बदलले जातात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बेसिनच जवळ नसतं. बहुतेक पाळणाघरं सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चालतात. डायपर बेडरूममध्ये बदलतो आणि हात धुवायला ताई जाते ती स्वयंपाकघरातल्या सिंकवर, जिथे बाटल्या आणि डबे धुतात. जाताना दाराची कडी, मग नळ. धुतलेल्या हाताने तोच नळ बंद केला की धुण्याचा उपयोग गेला. दवाखान्यात असते तशी कोपराने उघडणारी तोटी आणि डायपरच्या जागेपासून हाताच्या अंतरावर वेगळं बेसिन, या दोन गोष्टींनी जेवढं साधेल तेवढं दहा भित्तिपत्रकांनी साधणार नाही. बेसिन बसवणं शक्य नसेल तिथे तोटीचं २० लिटरचं पिंप आणि खाली बादली चालते. भिंतीला एकच टॉवेल टांगलेला असेल तर त्याआधीचं सगळं धुणं वाया. प्रत्येक मुलाचा नावाचा रुमाल हवा, आणि ते एकमेकांना चिकटणार नाहीत असे टांगलेले हवेत.

जंतुनाशकाबद्दल गैरसमज फार आहेत. फिनाईलचा वास आला की पालकांना आणि तपासायला येणाऱ्यांनाही जागा स्वच्छ वाटते. पण आधी सांगितलेल्या चिवट विषाणूंसाठी फिनाईलवर विसंबता येत नाही. तिथे क्लोरीन लागतं. बाजारात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळतं. रोजच्या वापराला त्याचे २० मिलि घेऊन पाणी घालत एक लिटर करायचं, म्हणजे ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. उलटी किंवा जुलाब सांडले असतील तर १०० मिलिमध्ये पाणी घालून एक लिटर, म्हणजे ०.५ टक्के. सांडलेलं आधी कागदाने उचलून, जागा साबणाने धुऊन मग हे द्रावण ओतायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. घाणीवरच ओतलं तर क्लोरीन त्या घाणीतच संपतं. लगेच पुसलं तरी उपयोग नाही. द्रावण रोज ताजं करायचं, कारण त्याची ताकद प्रकाशाने आणि वेळेने उतरते. गरम पाणी वापरायचं नाही. आणि संडास घासायच्या ॲसिडबरोबर ते कधीही एकत्र करायचं नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये मावशीचा जीव गुदमरू शकतो. तोंडात जाणारी खेळणी द्रावणातून काढली की स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवायची. तोंडात घातलेलं खेळणं त्याच वेळी वेगळ्या टोपलीत टाकायचं, संध्याकाळची वाट बघायची नाही. मऊ, धुता न येणारी खेळणी साथीच्या दिवसांत कपाटात.

हे प्रमाण मराठीत, मोजपात्राच्या चित्रासह, एका पानावर छापून प्रत्येक पाळणाघरात लागायला हवं. मावशीला टक्के कळायची गरज नाही. औषधाच्या बाटलीचं १० मिलिचं झाकण असेल तर 'दोन झाकणं, एक लिटर' एवढं पुरतं.

हवेबद्दल थोडक्यात. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून मूल तो पसरवत असतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवर किती झपाट्याने पसरला ते आपण पाहिलं. घरात लावतो तो एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. खराडी, बाणेर, मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारतींत तर खिडकी उघडतच नाही. कंपन्यांनी तिथे बाहेरची हवा आत येण्याची सोय पाळणाघरापुरती तरी वाढवावी आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र भिंतीला लावावं. मोकळ्या हवेत आकडा ४२० च्या आसपास असतो. मुलं झोपलेली असताना तो ८०० च्या वर राहू लागला, तर ती एकमेकांनी सोडलेली हवा घेत आहेत. गाद्यांमध्ये तीन फूट अंतर, आणि एकाचं डोकं तर शेजारच्याचे पाय. यासाठी पैसे लागत नाहीत, जागा लागते.

आता आमच्या मुख्य तक्रारीकडे येतो. आजारी असताना घरी थांबणं पाळणाघराशी संबंधित कुणालाच परवडत नाही.

ताई आजारी पडली तर अनेक ठिकाणी त्या दिवसाचा पगार कापला जातो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे, पण तो कायदा २०२५ पर्यंत दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा अधिक कामगार असतील तिथेच लागू होतो. कर्मचारी राज्य विमा योजनेचा उंबरठा साधारण दहाचा. चार-पाच जणींवर चालणारं पाळणाघर दोन्हीकडे बाहेर राहतं. त्यांना फक्त ऑनलाइन माहिती भरून पावती घ्यावी लागते, आणि त्या अर्जात बेसिन किती आहेत हे कुणी विचारत नाही. मग जुलाब होत असलेली ताई दोन गोळ्या घेऊन कामावर येते आणि पोळीचे तुकडे करून मुलांना भरवते. तिला दोष द्यायला आमची तयारी नाही. दोन दिवसांचा पगार म्हणजे तिच्या घरचा किराणा आहे.

पालकांचंही तेच. सकाळी आठ वाजता पॅरासिटामॉल दिलेलं मूल हसत येतं आणि औषध चार ते सहा तासांत उतरलं की दुपारी फणफणतं. तोवर ते सगळ्यांच्या मांडीवर बसून झालेलं असतं. आईची रजा संपलेली असते आणि बाबाचं प्रोजेक्ट असतं. आणि संचालिका? साथ आहे असं कळवलं तर पालक मुलं काढून घेतील, या भीतीने ती गप्प राहते. पहिल्या दोन मुलांवर थांबली असती ती साथ बारा मुलांवर जाते.

यात आमच्या जिवाचाही प्रश्न आहे. कावीळ अ लहान मुलांत बहुतेक वेळा दिसतच नाही. डोळे पिवळे होत नाहीत, मूल खेळत असतं, पण त्याच्या शीमधून विषाणू जात असतो. दोन ते सात आठवड्यांनी डायपर बदलणाऱ्या ताईला कावीळ होते आणि ती कित्येक आठवडे उठू शकत नाही. कांजिण्या आणि कावीळ अ, दोन्हींवर लस आहे, पण ती सरकारी लसीकरणात नाही आणि आमच्या पगारात खासगीत घेणं झेपत नाही. गरोदर ताईंना रुबेला, कांजिण्या आणि पार्व्होव्हायरस यांचा धोका असतो. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू चिमुकल्यांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन् महिने राहतो. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, पण ज्यांना नाही त्यांच्या पोटातल्या बाळाला त्यापासून बहिरेपण येऊ शकतं. गरोदर ताईला डायपरच्या खोलीतून मोठ्या मुलांच्या गटात हलवणं, मुलाचा उष्टा चमचा तोंडात न घालणं, गालाऐवजी डोक्यावर पापा घेणं, एवढ्याने धोका बराच कमी होतो. हे तिला कामावर घेतानाच कुणी सांगत नाही.

'आजारी मुलांना घेऊ नका' या ओळीचाही अर्थ लावून द्यायला हवा. कोणतं आजारपण, किती दिवस? आज प्रत्येक पाळणाघर आपला नियम करतं आणि रोज दारात भांडण होतं. आम्ही वापरतो तो नियम असा. ताप असेल तर औषधाशिवाय २४ तास ताप नसेपर्यंत घरी. जुलाब किंवा उलट्या थांबल्यावर ४८ तास. गोवर असेल तर पुरळ आल्यापासून चार दिवस पूर्ण होईपर्यंत. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप गेला, फोड सुकले आणि लाळ गळायची थांबली की मूल येऊ शकतं. त्याच्या शीमध्ये विषाणू आणखी काही आठवडे असतो, पण तेवढे दिवस घरी ठेवणं कुणालाच शक्य नाही, म्हणून तिथे भर डायपर आणि हातांवर. ताप नसलेल्या, खेळत्या मुलाचं नाक हिरवं वाहतंय म्हणून त्याला परत पाठवू नये. आणि प्रत्येक सर्दीनंतर डॉक्टरांचं 'फिट' सर्टिफिकेट मागणं बंद करावं. त्याने संसर्ग थांबत नाही. पालक दवाखान्याच्या गर्दीत बसतात आणि नको असलेली अँटिबायोटिक घेऊन येतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. महापालिकेने शहरातल्या सगळ्या पाळणाघरांची साधी यादी करावी: पत्ता, मुलांची आणि ताईंची संख्या, बेसिन किती, पाण्याची टाकी केवढी. नोंदणीला शुल्क नको, आणि नोंद केली म्हणून दंडाची नोटीस येणार नाही हे लेखी हवं. नाहीतर निम्मी पाळणाघरं पुढे येणार नाहीत.

२. पाणी बंद असलेल्या दिवशी नोंदणीकृत पाळणाघरांना मागणीनुसार टँकरचं पाणी मिळावं. पाणी परत आलं की त्या सकाळी क्षेत्रीय कार्यालयाने पाळणाघराच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन तपासण्याची चाचणी) करावी. नळाला उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम दिसलाच पाहिजे. ओटीचं छोटं किट पाळणाघराला दिलंत तर आम्ही स्वतः रोज करू. पाच थेंब आणि पिवळा रंग, हे शिकायला पाच मिनिटं लागतात. रंग आला नाही तर कुणाला फोन करायचा, तो एक नंबर द्या.

३. एका आठवड्यात एकाच लक्षणाची दोन किंवा अधिक मुलं दिसली की कळवण्यासाठी एक मार्ग हवा, आणि कळवल्यावर २४ तासांत आरोग्य विभागाकडून कुणीतरी बोलणारं हवं. पाळणाघराचं नाव जाहीर होऊ नये. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आपल्या शहरात १९५२ पासून आहे. गरज पडेल तेव्हा नमुने तिथे पोचवण्याची व्यवस्था महापालिकेने करावी. साथ कशाची आहे हे कळलं की निम्मा गोंधळ आणि निम्म्या अफवा तिथेच थांबतात.

४. घरी ठेवण्याचे दिवस, हायपोक्लोराइटचं प्रमाण आणि डायपर बदलण्याच्या पायऱ्या, ही तीन पानं आरोग्य विभागाच्या सहीने मराठीत आणि हिंदीत द्यावीत. दारातला वाद 'ताईंचा नियम' म्हणून आमच्यावर येतो. सही आपली असेल तर तो होणार नाही.

५. ताई आणि मावशींना कावीळ अ, कावीळ ब, कांजिण्या, गोवर-रुबेला आणि वर्षातून एकदा फ्लूची लस महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळावी.

६. कंपन्यांना: मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं, आणि आपण ते कंत्राटाने दिलंत. कंत्राट देताना प्रतिमूल दर ठरवला जातो. त्यात ताईंची पगारी आजाररजा आणि एक बदली ताई धरलेली नसते. ती धरा. किमान आठ दिवस, आणि त्यातले दोन दिवस सर्टिफिकेटशिवाय. मूल आजारी असताना पालकाला घरून काम किंवा रजा देण्याचा निर्णय त्या दिवशीच्या मॅनेजरच्या मर्जीवर ठेवू नका. तो लेखी नियम करा. आणि घरी थांबलेल्या मुलाचे पैसे कंत्राटदाराच्या बिलातून कापू नका, कारण ते शेवटी ताईच्या पगारातून कापले जातात.

७. दहापेक्षा कमी जणींच्या पाळणाघरांसाठी महापालिकेने छोटा आजाररजा निधी सुरू करावा. संचालिकाही त्यात दरमहा वाटा देतील. तशी आमच्यातल्या अनेकींची तयारी आहे.

यातली दुसरी, चौथी आणि पाचवी मागणी मृग लागायच्या आत पुरी होऊ शकते. नवा कायदा लागत नाही. तीन पानांचा मजकूर आम्ही तयार ठेवला आहे. आपल्या डॉक्टरांनी तो तपासावा, चुकला असेल तिथे दुरुस्त करावा. प्रशिक्षण द्यायला आमच्यातल्या परिचारिका प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात यायला तयार आहेत, मानधनाशिवाय.

तपासणीला आपण यावं, अशी आमची इच्छा आहे. पण सकाळी दहाला, फरशी पुसलेली असताना येऊ नका. पाणी बंद असेल त्या गुरुवारी दुपारी दोनला या. जेवणं झालेली असतात, वीसपैकी आठ बाळांचे डायपर एकदम बदलायचे असतात आणि पिंप तळाला गेलेलं असतं. अर्धा तास नुसतं उभं राहून बघा, आणि ताईने हात किती वेळा आणि कशाने धुतले ते मोजा.

आपल्या,
पुण्यातल्या पाळणाघरांत काम करणाऱ्या, ती चालवणाऱ्या आणि तिथे प्रशिक्षण देणाऱ्या आम्ही सर्व जणी